डावीकडे ओढणारं मशीन

मी फरशीवर पालथी पडले होते आणि माझ्या डोक्याशी कारखान्याचे मालक उभे होते. मला त्यांचे पांढरे बूट दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. एका अर्थी ते बरंच होतं.

"काही दिसतंय का मॅडम?"

"दिसतंय."

न दिसायला काय झालं? टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड टाकला की फरशीला काही लपवता येत नाही. माझ्यासमोर लाटा होत्या. अर्धगोल, एकीत एक अडकलेल्या, पट्ट्याच्या, म्हणजे एका दिवशी ओतलेल्या काँक्रीटच्या लांब तुकड्याच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट फिरवलं तर अडखळत होतं. आणि त्याला लागूनच, आधी घातलेल्या पट्ट्यांची फरशी इतकी गुळगुळीत होती की छताचे पत्रे तिच्यात दिसत होते. तेच काँक्रीट, तेच मशीन, तोच ऑपरेटर. मध्ये काय बिघडलं ते शोधायला मला ठाण्याहून बोलावलं होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका नव्या शेडमधली. मी ठाण्याच्या एका एजन्सीत सर्व्हिस इंजिनिअर होते. बांधकामाची मशीनं परदेशातून आणायची, विकायची, आणि ती बिघडली की मला पाठवायचं, असा आमच्या एजन्सीचा धंदा. डिप्लोमा मेकॅनिकल झालेली बाई तेव्हा साइटवर फारशी दिसत नसे. मी रिक्षातून उतरले की "इंजिनिअर मागून येतायत का?" असं हमखास विचारलं जाई. मी "हो, येतायत" म्हणायचे आणि टूलबॉक्स उघडायचे.

मशीनचं नाव राइड-ऑन ट्रॉवेल. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याची थापी. घरातली सिमेंटची जमीन गवंडी उकिडवा बसून थापीने घोटतो, तेच काम हे मशीन माणसाला वर बसवून करतं. दोन मोठे छताचे पंखे उलटे करून जमिनीवर ठेवले आहेत आणि त्यांच्यावर एक खुर्ची बसवली आहे, असं डोळ्यांसमोर आणा. पंख्याच्या पात्यांच्या जागी पोलादाची ब्लेडं, एका पंख्याला चार. मशीनला चाकं नाहीत. मशीनचं, इंजिनचं आणि वर बसलेल्या माणसाचं सगळं वजन त्या ब्लेडांवर असतं. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशेला फिरतात. ऑपरेटरच्या दोन हातांत दोन लिव्हर. ते पुढेमागे केले की मशीन ओल्या काँक्रीटवरून सरकतं.

यात खरी गंमत ब्लेडांच्या तिरकेपणात आहे. त्याला आम्ही पिच म्हणतो. काँक्रीट ओलं असताना ब्लेडं जमिनीशी सपाट ठेवायची, म्हणजे ती रुतत नाहीत. काँक्रीट जसजसं घट्ट होईल तसतशी ती थोडी थोडी तिरकी करायची, म्हणजे मागची कड दाबून घोटते आणि चकाकी येते. थापी धरलेला गवंडी मनगटाने हेच करतो, त्याला कोणी पिच म्हणून शिकवलेलं नसतं.

मालकांनी मला उठू दिलं आणि मग आवाज चढवला. "इथे उंच रॅक येणार आहेत. फोर्कलिफ्ट चालणार आहे. ही असली फरशी मला चालणार नाही. मशीन खराब असेल तर मशीन बदला. माणूस खराब असेल तर माणूस बदला. काय ते आज सांगा."

शेजारी परुळेकर उभे होते. हे फ्लोअरिंगचे कॉन्ट्रॅक्टर, ऑफिस कल्याणला. राइड-ऑन घ्यायची हिंमत आमच्या भागात पहिल्यांदा त्यांनी केली होती. मोठ्या आवाजाचा पण मनाने सरळ माणूस. त्यांनी शेडच्या दाराकडे एकदा बघितलं. दाराशी मशीनचे ऑपरेटर नामाभाऊ बसले होते.

ठाण्याहून निघताना माझ्या साहेबांनी बजावलं होतं, "मशीनमध्ये काही नसणार. ऑपरेटर बघा." म्हणजे एका बाजूला आमच्या एजन्सीला माणूस दोषी हवा होता आणि दुसऱ्या बाजूला मालकांना कोणीही चाललं असतं. माझ्या उत्तरावर नामाभाऊंची खुर्ची अवलंबून होती. मशीनवरची, खरीखुरी, फोमची खुर्ची.

नामदेव तांडेल हे त्यांचं पूर्ण नाव. कोपरच्या खाडीकाठचे कोळी. बापजाद्यांपासून खाडीत मासेमारी. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, मासळी गेली, आणि नामाभाऊंनी होडी विकली. "होरी" म्हणत ते तिला. मग परुळेकरांकडे बिगारी म्हणून लागले. पाट्या उचलायच्या, काँक्रीट ओढायचं. राइड-ऑन साइटवर आलं तेव्हा परुळेकरांच्या सगळ्या चांगल्या गवंड्यांनी त्यावर बसून बघितलं. कोणी गरागरा फिरलं, कोणी खांबाला जाऊन धडकलं. हा माणूस बसला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला सरळ गेला. सगळे बघत राहिले. नामाभाऊंना विशेष काही वाटलं नाही. दोन हातांत दोन वल्ही धरण्याची जन्माची सवय, त्यांच्या मते ही तीच गोष्ट होती. "होडी गेल्यानंतर नामाला हसताना मी पहिल्यांदा बघितलं ते त्या दिवशी," असं परुळेकर मला म्हणाले होते.

ट्रेनिंग द्यायला परदेशी कंपनीचा माणूस आला होता. तो इंग्रजीत बोलला. परुळेकरांचे सुपरवायझर घाग यांनी त्याचं हिंदी केलं. घागांच्या त्या हिंदीतून नामाभाऊंपर्यंत पोचलं ते एवढंच: काम संपलं की धुवायचं, ग्रीस मारायचं, तेल बघायचं. ते त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही. आमच्याकडे इतकं स्वच्छ मशीन दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

मी मशीनकडे गेले. ते स्टँडवर उचलून ठेवलेलं होतं. बाहेरच्या कड्याला ताजा रंग, पिवळा आणि निळा. कड्यावर कुंकवाची बोटं, झेंडूची वाळलेली माळ.

"हे काय घाग?"

"नारळी पौर्णिमेला पूजा केली मॅडम. नामाने केली. सुट्टी होती, तरी तो दिवसभर इथेच."

"ब्लेडं बदलली का त्या दिवशी?"

"नाही. ब्लेडं बदलायला अजून वेळ आहे असं मीच सांगितलेलं."

मी चवड्यांवर बसून ब्लेडांवरची धूळ पुसली आणि पट्टीने रुंदी मोजली. पहिलं ब्लेड झिजलेलं. दुसरं कोरं. तिसरं झिजलेलं. चौथं कोरं. दुसऱ्या पंख्यापाशी गेले. तिथेही तसंच, एक जुनं, एक नवं, समोरासमोर नेमकी जोडी लावलेली. चुकून असं बसत नाही. कोणीतरी विचार करून बसवलं होतं.

आता याने काय होतं ते सांगते. ब्लेड झिजतं म्हणजे रुंदीला कमी होतं. सपाट ठेवलं तर फरक कळत नाही. पण तिरकं केलं की रुंद ब्लेडाची मागची कड खाली पोचते आणि अरुंद ब्लेडाची अधांतरी राहते. म्हणजे चार पायांच्या स्टुलाचे समोरासमोरचे दोन पाय आखूड. सगळं वजन दोन नव्या ब्लेडांवर, आणि मशीन डुलत डुलत चालणार. सुरुवातीच्या सपाट फेऱ्या छान होतात, शेवटच्या फेऱ्यांत लाटा उठतात. आणि तोवर काँक्रीट इतकं घट्ट झालेलं असतं की मागे फिरता येत नाही. म्हणून एका पंख्याची सगळी ब्लेडं एकदम बदलायची असतात. जुन्यात नवं मिसळायचं नसतं.

मी नामाभाऊंना हाक मारली. ते आले. बुटके, रुंद खांद्यांचे, डोक्याला रुमाल बांधलेला.

"नामाभाऊ, ही ब्लेडं कोणी लावली?"

"मीच लावली बाय," ते म्हणाले, आणि काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला. कोणीतरी एकदाचं विचारलं याचाच त्यांना आनंद झाला होता. "पेटीत चार नवी व्हती. दोन हिकरं लावली, दोन तिकरं. समोरासमोर."

"का?"

"ती डावीकरं वढत व्हती. लय दिस झालं. सारका उजवा हात दाबून धराला लागं. पुजेला सगली सोरवली तवा बगतंय, त डावीकरची जास्ती झिजलेली. मंग बरोबर हाय. होरीत सगलं तरनं वल्हेवालं एका अंगाला बसवलं त होरी फिरनारच. तरन्याच्या बाजूला म्हातारा बसवाचा, दोनी अंगाला सारकी वाटनी कराची. तशी केली. मंग जरा सरल चालाला लागली."

"चालताना डुलत नव्हती?"

"डुलं की." ते हसले. "आदी ती दगरावरनं वढल्यासारी जायची. आता पान्यावरची वाटं. मना बरा वाटला."

हा माणूस चुकला होता, पण बेफिकिरीने नाही. त्याने मशीनकडे नीट बघितलं होतं, कारण शोधलं होतं, उपाय केला होता, आणि त्याला ज्ञात असलेल्या एकुलत्या एका गोष्टीत तो उपाय अगदी बरोबर होता. होडी डुलली म्हणून कोणता कोळी घाबरतो? दुसऱ्या कुठल्याही ऑपरेटरने पहिल्या पाच मिनिटांत मशीन बंद केलं असतं. यांना ते डुलणं आवडलं होतं.

"नामाभाऊ, फरशीवरच्या लाटा त्याच्याच आहेत," मी सांगितलं. जितकं सावकाश सांगता येईल तितकं सांगितलं. स्टुलाचा दाखला दिला, पट्टी लावून दाखवली. त्यांना एका वाक्यात कळलं. मी पुढे बोलत राहिले ते उगीच. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि हातात धरून उभे राहिले.

पण ओढण्याचं कारण अजून सापडायचं होतं. झीज हा परिणाम होता, कारण नव्हतं. सीटजवळची पिचची मूठ फिरवली की दोन बाजूंच्या दोन दांड्यांनी दोन्ही पंख्यांची ब्लेडं सारखीच तिरकी व्हायला हवीत. मी मूठ फिरवली. उजवीकडची तिरकी झाली. डावीकडची थोडं मागे रेंगाळली. खाली हात घातला तर डावीकडच्या दांड्याचा लॉकनट, म्हणजे दांडा जागेवर आवळून धरणारा नट, सैल. बोटाने हलत होता. म्हणजे डावीकडची ब्लेडं नेहमीच उजवीपेक्षा सपाट राहत होती, मशीन त्या बाजूला ओढत होतं, आणि ब्लेडंही तिकडची जास्त झिजत होती. मी नामाभाऊंना तो नट दाखवला. त्यांनी तो बोटाने हलवून बघितला. एकदा, दोनदा.

"सगली सोरवली मी," ते हळूच म्हणाले. "हाच तेवरा बगला नाय."

"ओढतंय हे कोणाला सांगितलं नव्हतंत?"

त्यांनी घागांकडे बघितलं नाही. घागच पुढे झाले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"मला सांगितलेलं मॅडम. दोनदा. मला वाटलं, काय सारखी किरकिर. मी त्याला बोललो, मशीन आहे, बैल आहे का ओढायला? सगळे हसले. मग तो परत बोलला नाही."

तो एक फोन ठाण्याला आला असता तर पाना फिरवण्याचं काम होतं. मी डोंबिवलीलाच राहायचे. ऑफिसला जाता जाता नट आवळून पुढे गेले असते. हे आठवलं की मला अजून चुटपुट लागते. राग घागांचाही येत नाही. असं बोलणं साइटवर दिवसातून पन्नासदा होतं. त्यातलं एखादंच कोणाच्या तरी आयुष्यावर जाऊन पडतं.

मी मालक आणि परुळेकरांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. नट सैल होता, तक्रार वर पोचली नाही, ऑपरेटरने स्वतःच्या डोक्याने उपाय केला, तो चुकला. ट्रेनिंगमध्ये ब्लेडांची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती, हेही सांगितलं. साहेब ठाण्याला काय म्हणतील ते म्हणोत.

मालकांनी ऐकून घेतलं. "म्हणजे माणूसच ना शेवटी?"

"शेठ, नट माणसाने सैल केलेला नाही."

"पण ब्लेडं माणसाने लावली. मला दुसरा माणूस पाहिजे."

"दुसरा माणूस आहे कुठे?" परुळेकर उसळले. "हे मशीन चालवणारा इथपासून कर्जतपर्यंत दाखवा मला एक."

मी मध्ये पडले. एक पट्टा घालायचा बाकी होता. मी म्हटलं, मी आर्म लावून देते, नवी ब्लेडं लावून देते, त्या दिवशी स्वतः उभी राहते. पट्टा चांगला झाला तर माणूस तोच राहील. लाटा आलेली फरशी आम्ही ग्राइंडरने घासून देऊ. मालकांनी थोडा विचार केला आणि कबूल झाले. माणूस व्यवहारी होता, दुष्ट नव्हता.

आर्म लावणं म्हणजे काय तेही सांगते. ब्लेड थेट मशीनला नसतं, ते एका दांड्यावर बसवलेलं असतं. तो आर्म. आर्म जरा जरी वाकला, किंवा चार आर्म एका मापाला नसले, तर नवं ब्लेडही जुन्यासारखं वागतं. म्हणून प्रत्येक आर्म बाहेर काढायचा, भोकात वाळून बसलेलं सिमेंट खरवडायचं, सपाट पाटावर ठेवून सरळ आहे का बघायचा. मग जिग म्हणून एक साचा असतो, त्यात धरून त्याच्या टोकाचा बोल्ट असा बसवायचा की सगळे आर्म एकाच कोनात वळतील. ग्रीस, पुन्हा आत, पुढचा आर्म. कंटाळवाणं काम आहे. मला आवडायचं, कारण त्यात शेवटी उत्तर येतं.

नामाभाऊ सगळा वेळ माझ्या बरोबर होते. पण काहीतरी बदललं होतं. "हा कारू का बाय?" ते विचारायचे. काढा म्हटलं की काढायचे. "ग्रीस मारू?" मारा म्हटलं की मारायचे. नारळी पौर्णिमेला ज्या माणसाने एकट्याने अख्खं मशीन सोडवून पुन्हा जोडलं, तो आता एक नट फिरवायला परवानगी मागत होता. मला वाटलं, बिचारा धास्तावलाय, एकदा खुर्चीत बसला की येईल रुळावर. सगळं जुळवून झाल्यावर मी त्यांना मशीन थोडं चालवून बघायला सांगितलं. कोरड्या फरशीवर, ब्लेडं सपाट ठेवून. मशीन दोरीवरून चालावं तसं गेलं. "वढत नाय," ते म्हणाले. पण त्यांचा उजवा हात लिव्हर दाबूनच होता. मी ते बघितलं. सवय आहे, जाईल, असं मनात म्हटलं.

पट्ट्याच्या दिवशी सकाळीच काँक्रीट पडलं. ऑगस्टची दमट हवा, त्यामुळे घट्ट व्हायला वेळ लागत होता. घोटायला सुरुवात कधी करायची याची परीक्षा अगदी साधी आहे. काँक्रीटवर उभं राहायचं आणि बुटाचा ठसा किती खोल उमटतो ते बघायचं. ठसा उथळ झाल्यावर नामाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी खुर्चीला हात लावून नमस्कार केला आणि बसले.

सपाट फेऱ्या उत्तम झाल्या. मालक खांबाला टेकून बघत होते, परुळेकर येरझारा घालत होते. दुपार झाली. पिच वाढवायची वेळ आली. नामाभाऊंनी मूठ फिरवली, थोडं पुढे गेले, आणि मशीन थांबवलं. उतरले. ठसे उमटू नयेत म्हणून पायांना फळ्या बांधून ब्लेडांपाशी वाकले आणि एकेक करून बघितली.

"काय झालं?" मी ओरडले.

"काय नाय बाय. बगतंय."

पुन्हा बसले. अर्धा पट्टा गेले, पुन्हा थांबले, पुन्हा उतरले. मी जवळ गेले. "नामाभाऊ, ब्लेडं ठीक आहेत. मी लावलीत. तुम्ही चालवा."

"हाव हाव," ते म्हणाले. कपाळावरून घाम गळत होता. मशीन सुरू केलं आणि मला स्पष्ट दिसलं की ते पुढे बघतच नाहीत. त्यांची नजर सतत खाली, पायांशी. होडीवाला पाण्याकडे न बघता होडीच्या तळाकडे बघत बसला तर काय होईल? मशीन एकदा डावीकडे गेलं, ते सावरायला उजवीकडे जास्त गेलं. पुन्हा थांबलं.

काँक्रीट कोणासाठी थांबत नाही. दाराकडच्या बाजूला वारा लागत होता आणि तिथलं काँक्रीट भरभर आवळत चाललं होतं. परुळेकरांचा धीर सुटला. "अरे नामा, चालव ना रे! जातंय ते हातातून!"

नामाभाऊंनी इंजिन बंद केलं. शेड एकदम शांत झाली. ते उतरले, पायांना फळ्या बांधूनच चालत माझ्यापाशी आले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तुमी बसा बाय."

"नाही, नामाभाऊ. तुम्हीच बसायचं."

"ती मना सांगंना झालीय," ते म्हणाले. "आदी सांगायची. वढली त वढते म्हनून सांगायची. आता डुलली तरी मना कलनार नाय, ती बरी हाय का वाईट. तुमी बसा. फरशी जाईल."

खरंच जात होती. मी परुळेकरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मला मशीन चालवता यायचं, आमच्या कामात ते यावंच लागतं. माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. नामाभाऊंशी वाद घालत उभं राहायचं आणि त्यांच्या नावावर आणखी एक वाया गेलेला पट्टा लिहू द्यायचा, किंवा बसायचं. मी बसले.

पट्टा चांगला झाला. नामाभाऊंच्या पहिल्या पट्ट्यांइतका नाही, पण चांगला. खांबांच्या मुळाशी थापीने घोटायचं काम घागांनी आणि नामाभाऊंनी उकिडवं बसून केलं, आणि तेही व्यवस्थित झालं. शेवटची फेरी मारून मी उतरले तेव्हा मालक खूश होते. माझ्याशी हात मिळवून ते परुळेकरांना म्हणाले, "बघा. मी म्हटलं नव्हतं? माणूस बदलला की झालं."

मला त्या माणसाला काहीतरी झोंबेल असं सांगायचं होतं. काय सांगणार? फरशी त्यांच्या पायाखाली होती, गुळगुळीत. मी ती वाचवली होती आणि ती वाचवतानाच त्यांना हवा होता तो पुरावाही त्यांच्या हातात दिला होता. पट्टा फुकट गेला असता तर नामाभाऊ गेले असते. पट्टा वाचला तरी गेले. मी पुष्कळदा उलटसुलट विचार केला, तिसरी वाट मला तेव्हाही दिसली नाही आणि आजही दिसत नाही. नामाभाऊ नळाशी मशीन धूत होते. काम झालं की धुवायचं, हे त्यांनी त्या दिवशीही चुकवलं नाही.

परुळेकरांनी त्यांना सोडू नये म्हणून खूप प्रयत्न केले. दुसऱ्या साइटवर देतो म्हणाले, छोट्या कामावर बस म्हणाले. नामाभाऊ पुन्हा मशीनवर बसले नाहीत. थोडे दिवस बिगारी म्हणून राहिले, मग तेही सोडलं. परुळेकरांनी कल्याणचा एक नवा मुलगा शिकवून ऑपरेटर म्हणून घेतला. त्याचं काम बरं होतं. मशीन मात्र तो कधी नीट धूत नसे.

पुढच्या वर्षी एका कामासाठी कोपरला जाणं झालं आणि मी नामाभाऊंचं घर विचारत गेले. खाडीच्या बाजूला नव्या बिल्डिंगी उठत होत्या. त्यातल्याच एका बिल्डिंगवर ते वॉचमन होते. मला बघून त्यांना आनंद झाला, वहिनींना हाक मारून त्यांनी चहा करायला लावला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी परुळेकरांचा निरोप सांगितला, तुमची जागा अजून आहे, केव्हाही या. ते नुसते हसले. चहा संपला तरी मशीनचा विषय त्यांनी काढला नाही. मी निघाले तेव्हा ते गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. रिक्षा थांबली, मी आत बसले, आणि मग त्यांनी विचारलं.

"ती आता वढत नाय ना?"

"नाही नामाभाऊ. सरळ चालते."

"मंग बरा हाय."

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या ऑपरेटरला दोन गोष्टी स्वतः मराठीत, नाहीतर मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत आले. एक, ब्लेडं बदलायची तर एका पंख्याची सगळी एकदम बदलायची, जुन्यात नवं मिसळायचं नाही. आणि दोन, मशीन कुठे ओढतंय, डुलतंय, आवाज करतंय असं वाटलं तर दुसऱ्या कोणाला सांगत बसायचं नाही, थेट मला फोन करायचा, मी हसणार नाही. पहिली गोष्ट मॅन्युअलमध्ये आहे. दुसरी नाही. फोन पुष्कळ आले. बहुतेक वेळा एखादा नट आवळण्यापलीकडे काही काम नसायचं.